फिरत्या पिशव्या आणि शेवंताआक्कांचं कडवं

बावड्याच्या शेवंताआक्का आणि बारामतीचे आमचे नाना, या दोघांमुळे मी या मुलखात टिकले. त्यातही आक्कांचं नाव आधी. नाना दुकानाचे मालक, मी त्यांच्याकडे कामाला. त्यांनी मला सांभाळलं त्यात त्यांचीही सोय होती. आक्कांचं आमच्यावाचून काहीच अडलेलं नव्हतं. उलट आमच्या धंद्यानं त्यांचं नुकसानच केलं होतं. तरी आमच्यावर वेळ आली तेव्हा त्या एसटीनं बावड्याहून बारामतीला आल्या, आणि आल्या म्हणून पुढचं सगळं झालं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कॅसेटच्या धंद्याबद्दल लिहा म्हटलं. मी जन्मात पत्रापलीकडे काही लिहिलेलं नाही. नववी अर्ध्यावर सुटली, लग्न झालं, ह्यांना बारामतीच्या एमआयडीसीत काम लागलं म्हणून पुसदकडून इकडे आले. इकडे कुणी ओळखीचं नाही, सासर-माहेर दोन्ही दूर. वर तोंड उघडलं की लोक हसायचे. मी ‘मले’ म्हटलं की भाजीवाली सुद्धा "मळे कुठं हायती तुमचं?" विचारायची. त्यात ह्यांची कंपनी कधी चालू, कधी बंद. म्हणून मी काम शोधत निघाले आणि भिगवण रस्त्याच्या बाजूला नानांच्या दुकानावर ‘मदतनीस पाहिजे’ ही पाटी दिसली.

नानांनी पहिला प्रश्न विचारला, "अक्षर कसं हाय?"

मी लिहून दाखवलं. नाना म्हणाले, "शाळा का सोडली गं? आसू दे. बस हितं."

तेव्हापासून नव्वदीचं जवळजवळ अख्खं दशक मी त्या खुर्चीवर काढलं.

आताच्या मुलांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. गिऱ्हाईक त्याच्या आवडीची गाणी कागदावर लिहून आणायचं, आम्ही ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. दोन डेक शेजारी शेजारी. एकावर गाणं वाजतं, दुसऱ्यावर उतरतं. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास. हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, नाही तर आवाजाला सर्दी होते. भरून झालं की कॅसेटच्या वरच्या दोन चिमुकल्या पट्ट्या मोडायच्या, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरं भरत नाही. मी घाबरट. घरी जाऊन स्वयंपाक करताना एकदम वाटायचं, पट्टी मोडली का? सकाळी दुकान उघडताच आधी ते बघायचे. नाना म्हणायचे, "पुसदकरीण, तू हायेस म्हणून मी झोपतो. माझी काळजी तू करतीस."

गिऱ्हाईकं एकेक. सणसरचे एक तात्या उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. त्यांना कॅसेटच्या दोन्ही बाजू एकाच गाण्यानं भरून हव्या होत्या.

"तात्या, कंटाळा येईल की!" मी म्हटलं.

"बायकोचा येतो का? तिचं बी एकच गाणं हाय," तात्या म्हणाले. "मागं दोन ट्रॉल्या आसत्यात बाय. गाणं मागं घ्याया हात सोडला, तर मी कालव्यात."

एका गृहस्थांना बासरी नसलेली गाणी हवी होती. बासरी ऐकली की झोप येते आणि त्यांची ड्युटी गेटवरची. मी कान देऊन गाणी निवडली. महिनाभरानं येऊन म्हणाले, "आता सनईनं बी येती."

पण नानांचं खरं डोकं होतं ते फिरत्या पिशव्यांत. बारामतीत आणखी दुकानं निघाली आणि आमचा धंदा बसायला लागला, तेव्हा नानांनी ही युक्ती काढली. इंदापूरकडच्या गावांत एकेका ओळखीच्या माणसाकडे कॅसेटांनी भरलेली कापडी पिशवी ठेवायची. निरवांगीत न्हाव्याच्या दुकानात, सणसरला कडब्याच्या वखारीत, बावड्याला अंगणवाडीच्या बाईंकडे. नियम एकच: एक ठेवा, एक न्या. कुणी पुण्याच्या पाहुण्याकडून नवी कॅसेट आणली, कुणी जयंतीच्या मंडपातलं गाणं टेप केलं, कुणी रेडिओवरचं. ती पिशवीत टाकायची आणि दुसऱ्या कुणाची ऐकायला न्यायची. आवडली तर बारामतीला येऊन आमच्याकडून भरून घ्यायची. पिशव्या दर बाजाराला एसटीनं गावोगाव बदलायच्या. नानांना स्वतःला गाणी गोळा करायला कुठं जावं लागत नव्हतं. गाणी चालत यायची.

"आपलं दुकान गाण्याचं न्हाय, वाटेचं हाय," नाना मिशीवरून हात फिरवत म्हणायचे. "गाणी लोकांची. आपण नुसती पाणंद काढून द्यायची."

दुसरी युक्ती अशी की इतर दुकानांपेक्षा आमच्या कॅसेटच्या प्रत्येक बाजूला एक गाणं जास्त. हे कसं जमायचं? शेवटचं कडवं सोडून. आपल्याकडची गाणी लांब. गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव आणि गाव घालतो, ही रीतच आहे. नानांचं म्हणणं, "त्यात नुसतं नाव आसतंय, गाणं कुठं आसतंय?" मग मी शेवटून दुसरं कडवं संपत आलं की आवाजाचं बटण हळूहळू खाली आणायचे. गाणं चालत चालत बांधापलीकडे गेल्यासारखं वाटायचं. लोकांना ते आवडायचं सुद्धा.

पिशवीतून आलेलं एक गाणं त्या वर्षांत सगळ्यांत जास्त भरलं. जयंतीच्या मंडपात कुणीतरी टेप केलेलं, बाईचा आवाज, मागे ढोलकी आणि एक रडणारं मूल. उसाच्या फडात काम करणारी आई लेकीला शाळेत पाठवते आहे असं गाणं. ‘जा गं लेकी, दार शाळेचं उघडं हाय’ असं त्याचं धृपद. शेवटचं कडवं येण्याआधीच मी आवाज बंद करायचे, त्यामुळे बाई कोण ते आम्हाला ठाऊक नव्हतं. इंदापूर तालुक्यात असा ट्रॅक्टर नव्हता ज्यावर ते वाजलं नाही.

मग एका कंपनीची कॅसेट बाजारात आली. त्यात तेच गाणं, चांगल्या स्टुडिओत, दुसऱ्या गायिकेनं म्हटलेलं. कव्हरवर गीताच्या पुढे लिहिलेलं: ‘पारंपरिक’. लोक ती कॅसेट घेऊन आमच्याकडे येऊ लागले, आम्ही ती भरून देऊ लागलो.

एक दिवस पांढऱ्या सफारीतले साहेब आले. त्यांनी गाण्यांची चिठ्ठी दिली, मी भरून दिलं, कव्हरवर छान अक्षरात नावं लिहून दिली. दुसऱ्या दिवशी तेच साहेब पोलीस घेऊन आले. दोन्ही डेक, कोऱ्या-भरलेल्या सगळ्या कॅसेटा, दारातली पिशवी, सगळं पंचनामा करून उचललं. हवालदारांनी कव्हर पुढे धरून विचारलं, "अक्षर कुणाचं?"

नाना म्हणाले, "माझं."

"नाना, तुमची सही मला म्हाईत हाय. कोंबडं नाचल्यावानी हाय."

"सही घाईत करतो. ह्ये निवांत लिवलंय."

हवालदारांनी माझ्याकडे एकदा बघितलं. नानांना घेऊन गेले. संध्याकाळी जामिनावर सोडलं. घरी मी ह्यांना काहीच सांगितलं नाही. ह्यांची कंपनी तेव्हा बंदच होती. डोक्यात एकच: दुकान गेलं तर बिऱ्हाड उचलून पुसदला परत, आणि तिकडे जाऊन सांगायचं काय? बारामतीला जाऊन चोरीत सापडलो?

नानांनी वकील केला. पिशवीचं तत्त्वज्ञान त्यांनी वकिलांनाही ऐकवलं, "लोक एकमेकाला देत्यात साहेब. आमी काय इकत न्हाय. आमी नुसती पिशवी ठिवतो."

वकील म्हणाले, "पिशवी कुणाची?"

"माझी."

"भरून कोण देतं?"

नाना मिशीवरून हात फिरवायला लागले.

"नाना, हे जज्जसाहेबांपुढं बोलू नका. ते हसतील आणि हसत हसत शिक्षा देतील."

सफारीतले साहेब त्या कॅसेट कंपनीचेच. त्यांनी तडजोड पुढे केली होती. तक्रार मागे घेतो, वर आमची एजन्सी तुम्हालाच देतो. अट एवढीच की गावोगाव पिशव्या कोण ठेवतं त्यांची नावं द्या. त्यांच्यावर कारवाई केली की हे जाळं मुळातूनच तुटेल. धंद्याच्या हिशोबानं सौदा बरा होता. नाना दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "माझ्या शब्दावर त्यांनी पिशव्या ठिवल्या. त्यांची नावं मी कशी देऊ? तू जा. पिशव्या गोळा कर, आन् म्हणावं, कुणी इच्यारलं तर तुमास्नी काय म्हाईत न्हाय."

मी एसटीनं निघाले. सणसरला वखारवाल्यांनी निमूट पिशवी दिली. निरवांगीचा न्हावी एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवर वस्तरा धरून म्हणाला, "बाई, पिशवी नेताय खरं, पण आता लोक माझ्याकडं दाढीला कशाला येतील? माझा हात तुमाला म्हाईत न्हाय!" साबण लावलेलं गिऱ्हाईक आतून बोललं, "मला म्हाईत हाय."

शेवटी बावडा. अंगणवाडी सुटली होती. पोरांची उरलेली खिचडी डब्यात भरत बाई दारात उभ्या. पन्नाशीच्या, पांढरं लुगडं, डोळ्याला जाड चष्मा. पिशवी त्यांच्या हाती दिली-घेतली जायची ती एसटीच्या कंडक्टरमार्फत, त्यामुळे आम्ही एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. मी बारामतीच्या दुकानातली म्हणताच त्यांनी डबा खाली ठेवला.

"तूच का गाणी भरतीस?"

"हो."

"मग माझं शेवटचं कडवं कुठं गेलं गं?"

मला काही कळेना. त्यांनी तिथंच, खिचडीच्या हातानं ताल धरत धृपद म्हटलं, आणि तो आवाज मी हजारदा हेडफोनमधून ऐकलेला आवाज होता.

"आक्का, फीत संपते म्हणून..." मी खरं तेच सांगितलं. एक गाणं जास्त बसावं म्हणून आम्ही कसं करतो, ते सगळं.

"फीत संपली म्हणून नाव संपलं व्हय?" त्या म्हणाल्या. चिडून नाही. पोरानं पाटी फोडली की अंगणवाडीच्या बाई जशा बोलतात, तशा. "आमच्या गल्लीतली पोरं मला माझंच गाणं ऐकिवत्यात आन् इच्यारत्यात, आक्का, ह्ये कुणाचं? मी म्हणते, माझं. ती हसत्यात."

मग त्यांनी मला ते कडवं म्हणून दाखवलं. ‘शेवंता म्हणे बावड्याची, माझं राहिलं ते तू शीक.’ माझीही शाळा राहिलेली. मला रडू आलं. त्यांनी मला खिचडी वाढली.

खाता खाता मी जप्तीचं, नानांचं, नावं मागणाऱ्या साहेबांचं, सगळं बोलून गेले. कंपनीच्या कॅसेटवर गाण्यापुढे ‘पारंपरिक’ छापलंय हे त्यांना माहीतच नव्हतं.

"म्हंजी काय?"

"म्हणजे कुणाचं ते ठाऊक नाही. जुनं, चालत आलेलं."

"मी जित्ती हाय आन् गाणं चालत आलं?" आक्का म्हणाल्या. त्यांनी खिचडीचा डबा बंद केला. मग म्हणाल्या, "कवा बोलावलंय त्या सायबानं?"

खरं तर त्यांना आमच्यावर तक्रार करायला सगळी मोकळीक होती. त्यांच्या गाण्यावर आमचं दुकान चाललं आणि त्यांना कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. मी ते बोलूनही दाखवलं, कारण मनात ठेवून मला झोप आली नसती. आक्का म्हणाल्या, "तुझं नंतर बगू. आदी त्येचं बगू."

तडजोडीच्या दिवशी वकिलांच्या खोलीत नाना, मी, सफारीतले साहेब. नाना सांगायला लागले की नावं मिळणार नाहीत, तुम्ही खुशाल खटला चालवा. तेवढ्यात शेवंताआक्का आल्या. बरोबर बावड्याच्या चार बायका. खुर्च्या कमी पडल्या म्हणून बायका सरळ खाली बसल्या.

"तुमचं काय चोरलं ह्यांनी?" आक्कांनी साहेबांना विचारलं.

"आमचं गाणं, बाई."

"ते गाणं माझं हाय."

साहेब हसले. "बाई, ते पारंपरिक आहे."

आक्कांनी बायकांकडे पाहिलं. त्या बायकांनी ते गाणं म्हटलं नाही, नुसतं शेवटचं कडवं बोलून दाखवलं, सगळ्यांनी एकदम, पाढा म्हणावा तसं. मग त्यांतली एक म्हणाली, "आमच्या विहारात चला. बारकी पोरं बी सांगत्याल. तुमीच अर्धं गाणं उचललंया, पुरतं आईकलं आसतं तर नाव कळलं आसतं."

"ह्यांनी चोरलं आसंल," आक्का नानांकडे बोट करत म्हणाल्या, "तर माझं चोरलं. तुमचं काय गेलं? तुमी बी माझंच चोरलं."

साहेबांच्या तोंडावरचं हसू गेलं. तो माणूस काही वाईट नव्हता. त्यांनी पाणी मागितलं आणि म्हणाले, "मी पगारी माणूस आहे, आक्का. आमच्या लोकांनी पुण्यात कुणाच्या तरी टेपवरून घेतलं. त्यावर नाव नव्हतं."

नाव का नव्हतं हे त्या खोलीत आम्हा तिघांनाच माहीत होतं. माझी मान खाली. आक्कांनी मात्र आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वकिलांनी साध्या भाषेत समजावलं. स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण कंपनीचं, ते भरून विकणं हा आमचा गुन्हाच. पण शब्द आणि चाल बाईंची. त्यांना न विचारता छापणं हा कंपनीचा. खटला उभा राहिला तर दोघांची लक्तरं वेशीवर, आणि तीही एका अंगणवाडीच्या बाईच्या गाण्यापायी. साहेबांनी मुंबईला फोन लावला, बराच वेळ बोलले. आठवड्याभरात मिटलं. कंपनीनं पुढच्या छपाईत आक्कांचं नाव घालायचं आणि शेवटचं कडवं गाऊन घ्यायचं कबूल केलं. नानांनी लिहून दिलं की दुसऱ्याची कॅसेट पुन्हा भरून देणार नाही. गावकऱ्यांची नावं कुणी मागितली नाहीत. कोर्टाचे सोपस्कार होऊन डेक परत आले.

डेक आले, पण भरायचं काय? धंद्याचा मुख्य आधारच गेला होता. नाना म्हणाले, "आता ह्याच्यात कोंबड्या पाळू." मला वाटलं, झालं, निघा पुसदला.

आणि इथं आक्कांनी आम्हाला दुसऱ्यांदा उभं केलं. दुकानात आल्या, खुर्ची ओढून बसल्या. "नाना, तुमच्याकडं मशिनी हायती, आमच्याकडं गाणी. दुसऱ्याचं कशाला भरता? आमचं भरा. खरं, इच्यारून. आन् अख्खं."

"आक्का, अख्खं भरलं तर एका बाजूला गाणी किती बसणार? लोक हसत्याल."

"हसू द्या. नाव तर आईकत्याल."

अशा रीतीनं बारामतीत कोऱ्या कॅसेटवर दुसऱ्याची गाणी उतरवणारं दुकान गाणाऱ्यांची स्वतःची कॅसेट काढणारं दुकान झालं. आक्कांनी पहिली कॅसेट स्वतःची दिली आणि मग आपल्या शब्दावर माणसं पाठवली: निरवांगीचे भजनी बुवा, इंदापूरकडचे एक शाहीर, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बावड्याच्या दोन म्हाताऱ्या. त्या म्हाताऱ्यांना माईकची भीती वाटायची. एकीनं विचारलं, "ह्ये काळं बोंड चावत न्हाय न्हवं?" पिशव्याही परत फिरू लागल्या. आता त्यात ज्यांनी स्वतः होकार दिला त्यांच्याच कॅसेटा, आणि कव्हरवर माझ्या अक्षरात गाणाऱ्याचं नाव, गावाचं नाव. विक्रीतला वाटा गाणाऱ्याला. श्रीमंत कुणी झालं नाही. पण दुकान चाललं, आमचं बिऱ्हाड बारामतीत राहिलं, माझ्या मुलींच्या शाळा इथं झाल्या. ‘मले’ कधी ‘मला’ झालं, ते मलाही कळलं नाही.

पुढे सीडी आल्या, मग कॉम्प्युटर आले, मोठ्या शहरांत पोरं इंटरनेटच्या तारेवरून गाणी वाटायला लागली आणि कंपन्या त्यांच्या मागे लागल्या असं पेपरात यायचं. नाना बातमी मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि म्हणायचे, "पिशवी मोठी झाली एवढंच. त्यास्नी एक शेवंताआक्का पायजे." नाना आता नाहीत. दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे.

आक्का आहेत. ऐंशीच्या पुढे. घशाच्या दुखण्यानं आवाज पार खाली गेलाय, नात फोनवर शब्द पुन्हा सांगते तेव्हा कळतं. मागच्या महिन्यात मी त्यांना फोनवर म्हटलं, "आक्का, तुमचे उपकार मी कसे फेडू?" आक्का काहीतरी बोलल्या. नात म्हणाली, "आजी म्हणती, तू कवा माझं गाणं आईकलंच न्हाईस."

मी म्हणणार होते, सगळ्यात जास्त मीच ऐकलंय. पण खरं आहे त्यांचं. मी कायम ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या काचेपलीकडून ऐकलं, कानाला हेडफोन, डोळे डेकवरच्या आवाजाच्या काट्यावर, जीव फितीत. बावड्याच्या दारात ऐकलेलं तेवढं सोडलं, तर गाणं चालू असताना कधीही त्यांच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही.

म्हणून हे छापून देते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. आक्का, थंडी सरली की मी बावड्याला येते. फोन सुद्धा घरी ठेवते. तुमच्यासमोर सतरंजीवर बसते, आणि आहे तेवढ्या आवाजात तुम्ही जितका वेळ म्हणाल तितका वेळ, काही एक न करता, नुसती ऐकते.